गर्भगृहातून दालनात : संग्रहालयातील जिनप्रतिमा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षे हा मागे वळून पाहण्याचा टप्पा असतो. आपल्या ट्रस्टने या निमित्ताने केवळ सत्कार आणि मिरवणूक एवढ्यावर समाधान न मानता व्याख्यानमाला योजिली, याबद्दल मी प्रथम विश्वस्तांचे अभिनंदन करतो. मला विषय देताना अध्यक्षांनी जे सांगितले, ते आपल्यापुढे मांडले तर त्यांची हरकत नसावी. मंदिराच्या जीर्णोद्धारानंतर बाजूच्या खोलीत काही वस्तू पडून आहेत : झिजलेल्या लहान पंचधातूच्या प्रतिमा, दोन-तीन खंडित पाषाणमूर्ती, कापडात बांधलेल्या हस्तलिखित पोथ्या आणि जुन्या सभामंडपाचे कोरीव लाकडी तुकडे. त्यांचे कलादालन करावे असा ठराव पुढे आला. तेव्हा एका ज्येष्ठ श्रावकांनी विचारले, ‘देवाला कपाटात ठेवणार का?’ आणि एका तरुणाने उत्तर दिले, ‘काका, निदान जग पाहील तरी!’ या दोन वाक्यांच्या मध्ये आजचा माझा विषय आहे. दोन्ही वाक्यांत सत्याचा अंश आहे. अनेकान्त मानणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

आशियातील बहुसंख्य कलावस्तू कला म्हणून निर्माण झाल्याच नाहीत. त्या पूजेसाठी, दानासाठी, पुण्यसंचयासाठी, गुरूंच्या स्मरणासाठी घडल्या. संग्रहालय ही संस्था मात्र युरोपात, वेगळ्या गरजेतून वाढली. जगभरच्या वस्तू एकत्र आणाव्यात, त्यांचे वर्गीकरण करावे, त्यांना क्रमांक द्यावेत आणि सर्वांना त्या समान अंतरावरून पाहू द्याव्यात, ही तिची रीत. मंदिरात आपण प्रतिमेसमोर उभे राहतो तेव्हा अंतर कमी व्हावे म्हणून उभे राहतो. संग्रहालयात काच आणि दोरी यांनी अंतर राखले जाते. मूर्ती एकच असते, परंतु तिच्याकडे पाहण्याचा संस्कार पार बदलतो.

आपल्या परंपरेत पाषाण किंवा धातू प्रतिमा कशाने होते, याचा विचार करू. गर्भ, जन्म, तप, केवलज्ञान आणि मोक्ष या पंचकल्याणकांचा विधी होऊन, मंत्रसंस्कार होऊन ती पूज्य होते. तथापि तीर्थंकर त्या मूर्तीत येऊन राहतात असे आपण मानत नाही. ते सिद्धशिलेवर आहेत. ते प्रसन्न होत नाहीत, रुष्ट होत नाहीत, मागणे ऐकून काही देत नाहीत. प्रतिमा हे आलंबन आहे. वीतरागतेचे रूप पाहून आपल्या ठिकाणी वीतरागभाव जागा व्हावा, एवढ्यासाठी ती आहे. आपल्यातील स्थानकवासी बंधूंना तर या आलंबनाचीही आवश्यकता वाटत नाही. म्हणूनच ‘संग्रहालयात गेलेली मूर्ती अजून जिनप्रतिमा आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या धर्मात इतर धर्मांपेक्षा थोडे निराळे, थोडे अधिक सूक्ष्म आहे. पूजाविधी थांबला, हे खरे. पण वीतरागमुद्रा पाहून एखाद्याच्या मनात शांतीचा एक क्षण उमटला, तर आलंबनाचे कार्य थांबले असे म्हणता येईल का?

पाश्चात्त्य अभ्यासकांनी आपल्या प्रतिमा प्रथम पाहिल्या तेव्हा त्या ओळखल्याही नाहीत. ध्यानस्थ, पद्मासनस्थ आकृती दिसली की ती बुद्धाची, असा एक सोपा समज होता. जैनधर्म ही बौद्धधर्माचीच शाखा आहे असे मत विद्वानांतही प्रचलित होते. हर्मन याकोबी यांनी १८७९ मध्ये कल्पसूत्राची आवृत्ती सिद्ध करताना त्या मताचे सप्रमाण खंडन केले. त्यानंतर मथुरेच्या कंकाली टीला येथील उत्खननात स्तूप, आयागपट्ट आणि लेखयुक्त जिनमूर्ती मोठ्या संख्येने मिळाल्या, आणि जैन समाजाची दोन हजार वर्षांपूर्वीची समृद्ध कलापरंपरा निर्विवादपणे पुढे आली. त्या वस्तू आज मुख्यतः लखनौ आणि मथुरा येथील संग्रहालयांत आहेत. त्या टेकडीखालीच राहिल्या असत्या, तर आपल्या प्राचीनतेचा एवढा भक्कम पुरावा आपल्या हाती आला नसता. संग्रहालयाचे हे ऋण आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

चुकीच्या ओळखीचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातही आहे. वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्याला आपण सारे ‘इंद्रसभा’ म्हणतो. हत्तीवर बसलेल्या यक्षाला कोणीतरी इंद्र समजले आणि त्या समजुतीतून हे नाव रूढ झाले. आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली, अंगावर मूल घेतलेली त्याच्याजवळची देवी म्हणजे नेमिनाथांची शासनदेवता अंबिका. शाळेच्या सहली येतात, इंद्र आणि इंद्राणी म्हणून छायाचित्रे काढतात आणि परत जातात. नाव चुकले की अर्थ चुकतो, आणि पाटी लावणाऱ्याची जबाबदारी केवढी मोठी आहे हे येथे समजते.

याहून गंभीर उदाहरण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मध्य भारतातील धार येथून गेलेली परमारकालीन पांढऱ्या संगमरवराची एक देवीमूर्ती तेथे आहे. पीठावरील लेखात संवत् १०९१, म्हणजे इ. स. १०३४ हे वर्ष आहे. दीर्घकाळ ती भोजराजाची सरस्वती, वाग्देवी म्हणून प्रसिद्ध होती. अभ्यासकांनी पीठावरील लेख बारकाईने वाचला तेव्हा आढळले की, वररुची नावाच्या जैन धर्मानुयायाने आधी वाग्देवीची मूर्ती करविली, मग जिनमूर्ती करविल्या आणि त्यानंतर ही अंबेची मूर्ती घडविली, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे ही प्रतिमा अंबिकेची, आणि संग्रहालयही आता तिला अंबिका म्हणते. लोकमानसात मात्र ती अजूनही वाग्देवी या नावानेच वावरते. त्या मूर्तीभोवतीच्या इतर वादांत मला शिरायचे नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, दगडावर सत्य कोरलेले असतानाही ते वाचले गेले नाही तर मूर्ती दुसऱ्याच नावाने शतकभर उभी राहू शकते.

आता आपण न्यूयॉर्कला जाऊ. तेथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाच्या दक्षिण आशियाई दालनात शिरल्यावर डोक्यावर एक सागवानी घुमट दिसतो. पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिराच्या सभामंडपाचा हा भाग आहे. बांधकामाचा काळ इ. स. १५९४ ते १५९६, म्हणजे अकबराच्या राजवटीतला. या मंदिरातील शिलालेखात खरतरगच्छाच्या आचार्यपरंपरेची नोंद आहे. बर्जेस आणि कझिन्स यांनी उत्तर गुजरातच्या वास्तूंवरील १९०३ च्या आपल्या ग्रंथात या मंदिराची दखल घेतली होती. अहमदाबादशी व्यवहारसंबंध असलेले अमेरिकन कलावंत लॉकवुड डी फॉरेस्ट आणि त्यांचे बंधू रॉबर्ट यांनी १९१६ मध्ये हा मंडप संग्रहालयाला भेट दिला. घुमटाच्या वर्तुळांत गायक, वादक, नर्तकी आणि दिक्पाल कोरलेले आहेत. जिनेंद्राचा जन्मोत्सव साजरा करायला जणू सारा देवलोक उतरला आहे.

त्या घुमटाखाली उभे राहणाऱ्याला त्या लाकडाची नजाकत दिसते, प्रकाश उत्तम आहे, जतन उत्तम आहे. पण हे गंधर्व कोणासाठी गात आहेत? मंडप ज्याच्यासमोर होता तो गाभारा तेथे नाही. ज्या मूलनायकासाठी हे संगीत कोरले, तो तेथे नाही. उत्सव आहे, उत्सवमूर्ती नाही. संग्रहालयाचा यात दोष काढण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या. सोळाव्या शतकातील तो सागवानी मंडप न्यूयॉर्कमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ सुरक्षित आहे. त्याच शंभर वर्षांत आपण आपल्या गावोगावच्या किती लाकडी मंडपांच्या जागी संगमरवर बसविला आणि जुने कोरीव खांब कोणत्या वखारीत गेले, याची नोंद कोणत्या ट्रस्टच्या दप्तरात आहे?

दुसरी कथा एका लाकडी मंदिराचीच आहे. १९०४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहरी जागतिक प्रदर्शन भरले. तेथे पालिताण्याच्या मंदिराच्या धर्तीवर बनविलेले एक कोरीव सागवानी मंदिर मांडण्यात आले. प्रदर्शन संपले आणि ते मंदिर हातोहात फिरत राहिले. पुढे तर ते लास वेगासमधील एका जुगारगृहाच्या हॉटेलात शोभेची वस्तू म्हणून उभे होते. पाच अणुव्रतांचा उपदेश करणाऱ्या धर्माचे मंदिर, आणि भोवती फासे आणि पत्ते! शेवटी ते दक्षिण कॅलिफोर्नियातील जैन समाजाच्या केंद्राकडे आले आणि ज्यांना त्याचा अर्थ कळतो अशा लोकांमध्ये त्याला स्थान मिळाले. त्या लाकडाचा एक कणही बदलला नव्हता. बदलत गेला तो भोवतालचा संदर्भ. जागतिक प्रदर्शनात ते पूर्वेकडील नवल होते, हॉटेलात सजावट होते आणि श्रावकांच्या हाती आले तेव्हा पुन्हा मंदिर झाले.

संदर्भाचा हा विचार पाश्चात्त्य संग्रहालयांतही हळूहळू रुजला. आनंद कुमारस्वामी १९१७ पासून बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात भारतीय विभागाचे काम पाहत होते. १९२४ मध्ये त्यांनी तेथील जैन चित्रे आणि हस्तलिखिते यांची स्वतंत्र सूची प्रसिद्ध केली. कुतूहलाची वस्तू म्हणून पाहिली जाणारी ही चित्रे त्यांनी धर्मग्रंथाच्या आशयासह समजावून दिली. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे प्रतापादित्य पाल यांनी लॉस एंजेलिस येथे १९९४ मध्ये भरविलेले केवळ जैनकलेचे प्रदर्शन. शांतिदूत मुक्तिदात्यांची कला, अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते. ते अमेरिकेतील इतर शहरांत आणि नंतर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही गेले. २००० मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे आणि २००९-१० मध्ये न्यूयॉर्कच्या रुबिन संग्रहालयात जैनकलेची स्वतंत्र प्रदर्शने झाली. बौद्ध आणि हिंदू शिल्पांच्या रांगेत कोपऱ्यात उभी असणारी जिनप्रतिमा या प्रदर्शनांत प्रथमच मध्यभागी आली. रुबिन संग्रहालयाने २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधील आपली वास्तू बंद केली. अनित्यभावना संग्रहालयांनाही लागू आहे, हे लक्षात घ्यावे.

अशा प्रदर्शनांत सर्वांत अवघड गोष्ट कोणती असेल? माझ्या मते दिगंबर प्रतिमेची नग्नता. पाश्चात्त्य प्रेक्षकाच्या डोळ्यांना ग्रीक शिल्पांची सवय आहे. तेथील नग्न तरुण हा शरीराच्या सामर्थ्याचा आणि सौंदर्याचा गौरव आहे. स्नायू ताठ, एक पाय पुढे, जणू आता चालू लागेल. आपली खड्गासन प्रतिमाही नग्न आहे, पण तिचे स्नायू शिल्पकाराने जाणीवपूर्वक मावळवले आहेत. दोन्ही पाय सम, हात शरीरापासून किंचित दूर, दृष्टी नासाग्रावर. कायेचा उत्सर्ग, म्हणून कायोत्सर्ग. एकीकडे देहाचा गौरव आहे, दुसरीकडे देहाचा त्याग आहे, आणि दोन्हीकडे वस्त्र नाही. हा भेद पाटीवर दोन ओळींत सांगितला नाही, तर प्रेक्षक अपरिग्रहाच्या परमावधीसमोरून केवळ शिल्पशैली पाहून निघून जाईल.

याच्या नेमके उलट उदाहरण बडोद्याच्या संग्रहालयात आहे. १९५१ मध्ये अकोटा येथे जैन धातुप्रतिमांचा मोठा निधी सापडला आणि डॉ. उमाकांत शाह यांनी त्याचा अभ्यास केला. त्यात जीवंतस्वामीची प्रतिमा आहे. दीक्षा घेण्यापूर्वी, राजवाड्यातच ध्यानस्थ उभे असलेले महावीर. मुकुट आहे, अलंकार आहेत, वस्त्र आहे आणि तरीही मुद्रा कायोत्सर्गाची आहे. जाणत्याला त्यात घरात राहून विरक्त असलेला आत्मा दिसतो. न जाणणाऱ्याला एक सुंदर राजपुत्र दिसतो. काचपेटीतला दिवा दोघांसाठी सारखाच असतो.

आणखी एक प्रतिमा मला नेहमी विचारात पाडते. वॉशिंग्टनच्या फ्रिअर कलादालनात १३३३ सालची एक धातूची सिद्धप्रतिमा आहे. उभ्या धातुपत्र्यातून मनुष्याकृती कापून काढलेली आहे, म्हणजे आकृती आहे ती पोकळीची. अशा प्रतिमा आपल्याही मंदिरांतून आढळतात. अष्टकर्मांचा नाश करून अशरीरी झालेल्या सिद्धाचे रूप दाखवायचे कसे, या प्रश्नाला आपल्या कारागिरांनी दिलेले हे उत्तर आहे. आधुनिक पाश्चात्त्य प्रेक्षक ती पाहून चकित होतो, विसाव्या शतकातील अमूर्त शिल्प त्याला आठवते. आठवू द्या. परंतु मांडणी करणाऱ्यापुढे एक खरा पेच आहे. त्या पोकळीतून जे मागचे दिसेल, ते त्या प्रतिमेचा भाग होणार. मागे दुसरी गर्दीची काचपेटी असेल तर सिद्धाच्या जागी ती दिसेल. मागे शांत, रिकामी भिंत असेल तर सिद्धाची शून्याकार मुद्रा प्रकट होईल. मांडणी हीदेखील एक प्रकारची टीका आहे, भाष्य आहे, ते असे.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला, हेही पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये मंदिरातील बुद्धमूर्ती प्रदर्शनासाठी हलविण्यापूर्वी पुरोहित एक विधी करून तिच्यातील दैवी अंशाला निरोप देतात, आणि मूर्ती परतल्यावर पुन्हा आवाहन करतात. नारा येथील कोफुकुजी मंदिरातील आठव्या शतकातील अशुराची मूर्ती २००९ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आली, तेव्हा नऊ लाखांहून अधिक लोकांनी ती पाहिली. अमेरिकेतील नेवार्क संग्रहालयाने वेगळा मार्ग घेतला. तेथे तिबेटी कलाकाराकडून एक बौद्ध वेदी नव्याने रंगवून घेण्यात आली आणि १९९० मध्ये दलाई लामा यांच्या हस्ते तिची विधिपूर्वक प्रतिष्ठा झाली. म्हणजे एका ठिकाणी विधीने मूर्तीला संग्रहालयासाठी मोकळे केले, तर दुसऱ्या ठिकाणी संग्रहालयातच वेदी पवित्र केली. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : ज्यांची ती परंपरा, त्यांना विचारूनच हे घडले.

आपल्याकडे हे विचारणे अजून पुरेसे होत नाही. अनेक वर्षांपूर्वी एका संग्रहालयात मी एक प्रसंग पाहिला. नऊवारी नेसलेल्या एक वृद्ध आजी पार्श्वनाथाच्या मूर्तीसमोर आल्या. त्यांनी पायांतील वहाणा काढून बाजूला ठेवल्या, पदराच्या गाठीतून चार तांदळाचे दाणे काढले आणि ते मूर्तीच्या चौथऱ्यावर ठेवून हात जोडले. पहारेकरी धावत आला. तो म्हणाला, ‘आजी, येथे पूजा करायची नाही, वहाणा घाला, दुसऱ्यांचा पाय अडकेल.’ तो उद्धट नव्हता, नियम सांगत होता. आजींनी तांदूळ उचलून पुन्हा पदरात बांधले, आणि जाताना मला म्हणाल्या, ‘बाळ, येथे देवाला कोणी ओळखत नाही वाटतं.’ त्या मूर्तीखालच्या पाटीवर शतक, पाषाण, उंची आणि सापडल्याचे ठिकाण होते. तेवीसाव्या तीर्थंकरांचे नाव आणि ‘नागफणा’ हा शब्दही होता. त्यांनी काय शिकविले, याचा एक शब्द नव्हता. आजी म्हणाल्या ते खरे होते.

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पार्श्वनाथांची एक अतिप्राचीन धातुप्रतिमा आहे. तिच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काही जण तिला इसवी सनापूर्वीची मानतात, काही त्यानंतरची. ज्ञात जैन धातुप्रतिमांत ती सर्वांत जुन्यांपैकी एक आहे, आणि तरीही ती मूळची कोठली हे कोणालाच ठाऊक नाही. ती कोणत्या मंदिरात होती, कोणी करविली, कोणी पूजिली, ही नोंद कधीच हरवून गेली. त्याच संग्रहालयात श्रवणबेळगोळहून आलेली बाहुबलींची सुंदर धातुप्रतिमा आहे. अभ्यासक तिला तेथील डोंगरावरील महामूर्तीच्याही आधीची मानतात. तिच्याविषयी आपण अधिक आत्मविश्वासाने बोलू शकतो, कारण तिच्याबरोबर तिच्या गावाचे नाव आले. विदर्भातील राजनापूर खिनखिनी येथील जैन धातुप्रतिमांचा निधी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. त्या प्रतिमांबरोबरही त्यांच्या गावाचे नाव टिकले, म्हणून विदर्भातील जैनांच्या इतिहासाचे एक पान टिकले. मूर्तीपासून गाव तुटले की मूर्ती मुकी होते.

आणि गाव तोडण्याचे काम केवळ काळ करीत नाही, चोरही करतात. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्क येथे एका लिलावापूर्वी तेथील शासनाने दहाव्या शतकातील ऋषभनाथांची एक पाषाणप्रतिमा जप्त केली. ती भारतातून चोरून नेलेली होती. १९७० चा युनेस्कोचा करार आहे, आपला १९७२ चा पुरातन वस्तूंविषयीचा कायदा आहे. पण कायद्यासमोर पुरावा लागतो. तमिळनाडूतील पत्तूरच्या नटराजाचा खटला लंडनच्या न्यायालयात चालला आणि १९९१ मध्ये तो नटराज भारतात परत आला. ती मूर्ती त्याच मंदिराची आहे हे सिद्ध करता आले, म्हणून ती परत आली. आपल्या मंदिरातील एखादी लहान धातुप्रतिमा उद्या नाहीशी झाली, तर ती आपलीच होती हे आपण कशाने सिद्ध करणार? ‘आमच्या आजोबांपासून होती’ ही साक्ष न्यायालयात फार दूर जात नाही.

आता तरुणांच्या वाक्याला दुसरी बाजूही आहे, ती मूडबिद्रीच्या ताडपत्रांची. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे तेथे शतकानुशतके सुरक्षित होती. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत, हात जोडत आणि परत येत. ग्रंथ वाचला जात नव्हता, पाहिला जात होता. विचार करा, काच नव्हती, पहारेकरी नव्हता, तरीही तो एका अर्थाने प्रदर्शनातला ग्रंथच झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूर-मुंबईच्या श्रावकांच्या पुढाकाराने त्याच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले, आणि १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी आपल्या अमरावतीहून त्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे सोळा खंड झाले. जिनवाणी बंदिस्त राहिली असती तर ती सुरक्षित राहिली असती, पण तिचा स्वाध्याय झाला नसता. ‘देवाला कपाटात ठेवणार का?’ असे विचारणाऱ्या काकांना माझे नम्र निवेदन आहे की, आपण कधीकधी भक्तीच्या नावानेही वस्तू कपाटातच ठेवतो.

म्हणून आपल्या नियोजित दालनाविषयी मी काही सूचना करतो. त्या आज्ञा नव्हेत.

पहिली गोष्ट, ज्या प्रतिमा प्रतिष्ठित आहेत आणि ज्यांचा नित्य अभिषेक होतो, त्या वेदीवरच राहाव्यात. कितीही प्राचीन असोत, त्यांची जागा मंदिर आहे. खंडित प्रतिमांविषयी आचार्य आणि मुनिमहाराजांचा अभिप्राय घेऊनच निर्णय करावा. त्या दालनात ठेवायच्या ठरल्या, तर त्या पुरुषभर उंचीच्या चौथऱ्यावर असाव्यात, पायांच्या पातळीवर नसाव्यात, आणि दालनाच्या दाराशी वहाणा काढण्याची सोय असावी. नियम पहारेकऱ्याने ओरडून सांगण्यापेक्षा दालनाच्या रचनेनेच सांगावा.

दुसरी गोष्ट, नोंदवही. दालन बांधण्यापूर्वी नोंदवही बांधा. प्रत्येक प्रतिमेचे चारही बाजूंनी छायाचित्र, उंची, वजन, लांछन, पीठावरील लेखाचा ठसा आणि कोणत्या घराण्याने केव्हा अर्पण केली याविषयी वडीलधाऱ्यांना असलेली माहिती लिहून घ्या. या सभेत ऐंशी वर्षे ओलांडलेले जे श्रावक बसले आहेत, त्यांच्या स्मरणात जे आहे ते कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. ही नोंद झाल्याशिवाय एकही वस्तू जागची हलवू नये.

तिसरी गोष्ट, स्वच्छतेचा उत्साह आवरावा. जुन्या धातुप्रतिमा चिंच आणि रांगोळीने घासू नयेत. पीठावरील अक्षरे प्रत्येक घासण्याबरोबर थोडी थोडी पुसली जातात. पाषाणावर तैलरंग देऊ नये. पोथ्यांवर प्रखर दिवे लावू नयेत. कागद आणि ताडपत्र यांना पन्नास लक्सपेक्षा अधिक प्रकाश सोसत नाही, असा संग्रहालयशास्त्राचा दंडक आहे. पाने उघडी ठेवायची तर काही महिन्यांनी बदलावीत. आणि पोथीचे एकही पान सुटे करून चौकटीत घालू नये. परदेशांतील कित्येक संग्रहालयांत आपल्या सचित्र पोथ्यांची विखुरलेली पाने आहेत. एक पान एका देशात, त्याची पुढची ओळ दुसऱ्या देशात. हा अविनय आपण आपल्या हाताने करू नये.

चौथी गोष्ट, पाटी. ती मराठीत असावी, आणि येणाऱ्या पाहुण्यांसाठी हिंदी व इंग्रजीतही. तिच्यावर शतक आणि धातू अवश्य लिहा, पण त्याआधी हे तीर्थंकर कोण, त्यांचे लांछन कोणते आणि ही मुद्रा काय सांगते, ते लिहा. आपल्या पाठशाळेतील मुलामुलींकडून या पाट्यांचा कच्चा मसुदा करून घ्यावा आणि पंडितांकडून तपासून घ्यावा. ज्या मुलाने पार्श्वनाथांच्या प्रतिमेखालची चार वाक्ये स्वतः लिहिली, तो ती प्रतिमा जन्मभर विसरणार नाही.

शेवटी पुन्हा त्या आजींकडे येतो. त्यांनी जे तांदूळ पदरात परत बांधले, ते आपल्या दालनात कोणाला परत बांधावे लागू नयेत. दालनाच्या एका बाजूस एक लहान चौरंग ठेवा, ज्याला अक्षता वाहायच्या त्याने तेथे वाहाव्यात, मूर्तीला धक्का न लावता. आणि दुसऱ्या बाजूस एक बाक ठेवा, ज्याला नुसते बसून पाहायचे आहे त्याच्यासाठी, मग तो जैन असो वा नसो. काकांना वाटणारी काळजी आणि तरुणाला वाटणारी उत्सुकता, दोन्ही त्या एका खोलीत शेजारी शेजारी राहू शकतील. जीर्णोद्धारातून उरलेल्या त्या लाकडी तुकड्यांचा निर्णयही एवढ्यासाठीच लवकर व्हावा. पावसाळा जवळ येत आहे, आणि वाळवी कोणत्याही ठरावाची वाट पाहत नाही.